मस्कतच्या पांढऱ्या गाड्या

बाबांचा आवाज आमच्या घरात टेपरेकॉर्डरमधून यायचा. ते मस्कतला एका वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते आणि पत्र लिहायचा त्यांना भयंकर कंटाळा. तिकडून सिन्नरचा, ओझरचा, निफाडचा कुणी माणूस सुट्टीवर निघाला की त्याच्याबरोबर एक कॅसेट यायची. बाबा वर्कशॉपमध्ये बसूनच बोलायचे, त्यामुळे त्यांच्या मागे पत्र्यावर हातोडा पडत असायचा, कुणीतरी मोडक्या हिंदीत दहाचा पाना मागत असायचं, मध्येच बांग व्हायची आणि ती संपेपर्यंत बाबा गप्प बसायचे. कॅसेट लावायची म्हणजे आमच्याकडे सोहळा. आई आधी स्टोव्ह बंद करायची, मग पंखा, मग दार लोटून घ्यायची, आणि टेपरेकॉर्डरसमोर मांडी घालून बसली की मला दम द्यायची, "शैले, पाय हलवू नको, दळिद्र येतं." माझा पाय मात्र हलायचाच. साठी आली, अजून हलतो. दळिद्र काही आलं नाही. श्रीमंतीही आली नाही म्हणा, पण ते सोडा.

त्या उन्हाळ्यात आलेली कॅसेट मात्र वेगळी होती. मी दहावीची परीक्षा देऊन घरी बसले होते, म्हणजे एका जागी मुळीच बसत नव्हते. कॅसेटमध्ये नेहमीचं सगळं झालं, तब्येत बरी आहे, ऊन फार आहे, शैलाचे पेपर कसे गेले, आणि शेवटी बाबा जरा थांबून म्हणाले, "मंदा, पुढच्या महिन्यात येतोय. मालक म्हणतो अजून दोन वर्षांचा करार कर. मी अजून हो म्हटलेलं नाही. इथंच राहायचं का कायमचं परत यायचं, ते घरी आल्यावर बघू." एवढंच. मग हातोड्याचे दोन ठोके आणि कॅसेट संपली. आईनं ते वाक्य मागे नेऊन पुन्हा लावलं. मग पुन्हा. पुढे कितीतरी दिवस ती भाजी निवडता निवडता उठायची, बटण दाबायची, ऐकायची आणि परत निवडायला बसायची. शेवटी टेप ताणली गेली आणि 'बघू' हा शब्द आजारी माणसानं म्हणावा तसा लांबट यायला लागला. "काय वाटतं गं तुला, इथं राहतील का?" ती मला विचारायची. मला काय डोंबल कळणार? पण दोन वर्षांतून एकदा येणारा बाप आता कायमचा घरी राहणार की पुन्हा जाणार, हे सगळं त्या एका 'बघू'वर येऊन थांबलं होतं, आणि आम्हा दोघींच्याही जिवाला चैन नव्हतं. आई रोज उठून पलंग एका भिंतीहून दुसऱ्या भिंतीला लावायची. मला दुसरं टोक धरावं लागायचं.

आम्ही मखमलाबाद नाक्याजवळ वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहायचो. वर गच्ची, खाली कुंदाताईंचं ब्युटी पार्लर. बाहेरच्या खोलीत पश्चिमेच्या खिडकीसमोर शोकेस होतं. त्या काळी घरात शोकेस असणं म्हणजे काय, ते आता सांगून पटायचं नाही. पाहुण्यांना बसायला एकच खुर्ची असली तरी चालेल, पण काचेमागे न वापरलेला टी-सेट हवा. आमच्याकडे टी-सेट होता, अत्तराची रिकामी बाटली होती आणि वरच्या फळीवर बाबांच्या गाड्या होत्या. दर खेपेला बाबा एक गाडी आणायचे. तिला खेळणं म्हटलं की चिडायचे; ते मॉडेल होतं, खऱ्या गाडीवरून मापात उतरवलेलं. दारं उघडायची, बॉनेट उघडायचं, आत नखाएवढं इंजिन. आणि सगळ्या पांढऱ्या, कारण तिकडच्या उन्हात लोक पांढऱ्याच गाड्या घेतात, असं बाबा सांगायचे. बाबा दारात आले की आई त्यांना ओवाळायची, आणि मग बॅगेतून निघालेल्या नव्या गाडीलाही ओवाळून तिच्या बॉनेटवर कुंकवाचं बोट टेकवायची. आमच्याकडे साधी सायकल नव्हती, पण दसऱ्याला या गाड्यांची रीतसर पूजा व्हायची, प्रत्येकीपुढे झेंडूचं एक एक फूल. शेजारपाजारच्या बायका हसायच्या. हसू देत.

तर या पांढऱ्या गाड्या काही पांढऱ्या राहिल्या नव्हत्या. सगळ्यात पहिली, लांब नाकाची, पार वरणासारखी पिवळी पडली होती. तिच्या शेजारची थोडी कमी, पुढची त्याहून कमी, आणि शेवटची तेवढी जरा बरी. आई घर झाडत होती, भिंतींना चुना लावत होती, पितळेचे डबे चिंचेनं लख्ख करत होती, आणि त्या सगळ्यात या गाड्या मला खुपायला लागल्या. माझ्या डोक्यात एकच किडा वळवळत होता. बाबा आले, शोकेस उघडलं, आणि सगळ्या गाड्या काल घेतल्यासारख्या दिसल्या, तर त्यांचा या घरातून पाय निघणार नाही. का निघणार नाही, ते विचारू नका. पंधरा-सोळाव्या वर्षी अशी गणितं आपोआप सुटतात.

मला आधी वाटलं, ही हळदच. आई एवढी पूजा करते, पसरली असेल. हळदीचा डाग काढायची रीत घराघरांत माहीत असते. साबण लावायचा, डाग लाल होतो, मग उन्हात टाकायचा, ऊन हळद खाऊन टाकतं. मी पहिल्या गाडीला साबण चोळला. लाल काही झालं नाही. म्हणजे ही हळद नव्हे, हे तिथंच कळायला हवं होतं, पण धीर कुणाला? मी तिला गच्चीवर भर उन्हात ठेवून दिली आणि चार-आठ दिवसांत ती आणखीच पिवळी झाली. मग नीळ. शाळेचे पांढरे ब्लाउज पिवळट पडले की आई शेवटच्या पाण्यात नीळ घालायची आणि ते कसे झकास निघायचे. बाबांच्या पेटीतल्या बारीक स्क्रू-ड्रायव्हरनं मी त्याच गाडीचे पुढचे-मागचे बंपर सोडवले आणि निळीच्या पाण्यात बुडवले. लवकर गुण यावा म्हणून नीळही अंमळ जास्तच घातली. पिवळ्यात निळं मिसळलं की काय होतं, हे मी तिसरीत चित्रकलेच्या तासाला शिकले होते. बंपर शेवाळी हिरवे झाले आणि बोटं सोलेपर्यंत घासले तरी हिरवेच राहिले. मी ते परत बसवले आणि गाडी पलंगाखाली ट्रंकेमागे ढकलून दिली.

कुंदाताईंच्या पार्लरमध्ये तेव्हा लग्नसराईची गर्दी होती आणि मी हाताला काम हवं म्हणून खाली जाऊन बसायचे. टॉवेल धुवायचे, कापूस द्यायचा, ब्लीच कालवायचं. चेहऱ्यावरची लव लपवायला लावतात ते ब्लीच. बाटलीतलं पेरॉक्साइड, त्यात पावडर, अमोनियाचे चार थेंब, आणि कालवताना नाकाडोळ्यांतून पाणी येईल असा वास. कालवायची वाटी प्लॅस्टिकची होती, एकेकाळी पांढरी असावी. घाईगर्दीत ती तशीच बरबटलेली खिडकीत पडून राहायची. एक दिवस मी ती घासायला घेतली आणि हात थांबले. वाटी बाहेरून पिवळी, पण जिथं जिथं ब्लीचचा ओघळ उन्हात राहिला होता तिथं खाली पांढरीशुभ्र रेघ.

"कुंदाताई, ही वाटी बघा."

"काय बघू? फोडलीस का?"

"पांढरी झाली."

कुंदाताईंच्या तोंडात दोरा होता, समोरच्या बाईच्या भुवया चालल्या होत्या. दोरा न सोडता त्या म्हणाल्या, "बायका अशा एका ब्लीचात गोऱ्या झाल्या असत्या ना, तर मी गंगापूर रोडला बंगला बांधला असता." भुवयावाली बाई हसली आणि तिची एक भुवई जरा जास्त कोरली गेली. मी मात्र ती वाटी घेऊन उन्हात उभी होते. ज्या उन्हानं माझी गाडी आणखी पिवळी केली, त्याच उन्हानं ही वाटी पांढरी केली होती, आणि मधे होतं ते फक्त नाक झोंबणारं ब्लीच.

आता याचं शास्त्र झालंय. माझ्या बाल्कनीत आज ट्यूबमधलं पेरॉक्साइडचं क्रीम असतं, हातमोजे असतात, गुंडाळायला पातळ प्लॅस्टिक असतं. जुन्या मॉडेल गाड्या जमवणारी मंडळी लांबून लांबून पिवळे पडलेले बंपर आणि दारं माझ्याकडे घेऊन येतात आणि मला काकू म्हणतात. चांदवडचा एक दातांचा डॉक्टर आहे, स्वतः दिवसभर लोकांचे दात पांढरे करतो आणि गाड्या माझ्याकडे आणतो. मी त्याला तेच सांगते जे मी त्या उन्हाळ्यात गच्चीवर चुकत चुकत शिकले. लोखंडी सळई आणि रबराची चाकं आधी काढा. क्रीम सगळीकडे सारखं लावा. वाळू देऊ नका, वाळलं की चट्टे पडतात. आणि सारखं उलटत राहा, एक बाजू उन्हात आणि एक सावलीत असं चालत नाही. डॉक्टर म्हणतो, काकू, तुमच्यात पेशन्स फार आहे. जो माणूस एका जागी बसू शकत नाही त्यालाच दर थोड्या वेळानं उठून काहीतरी उलटायचं काम जमतं.

उरलेल्या चार गाड्या मी अशा केल्या. दुधाच्या पिशव्या कापून त्यात सुटे भाग गुंडाळले, कुंदाताईंचं उरलंसुरलं ब्लीच त्यात ओतलं आणि गच्चीच्या कोपऱ्यात ओळीनं मांडले. शेजारी आईच्या कुरडया वाळत होत्या. बाबांना तळलेली कुरडई आवडते म्हणून तिनं त्या वर्षी दुप्पट गहू भिजवला होता. दोन-तीन दिवसांनी आई वरून तणतणत खाली आली. "कुरडयांना मुताचा वास येतोय. त्या मेल्या बोक्यानं घाण केली." आईनं काठी घेतली आणि बोक्याची वाट बघत गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसली. बोका कुठला यायला? वासाचा माग काढत तीच माझ्या कोपऱ्यापाशी पोचली. मी वर गेले तेव्हा तिनं सगळ्या पिशव्या उघडल्या होत्या. एक गाडी मी आदल्या दिवशीच जोडून ठेवली होती, ती तिच्या हातात होती. पांढरीशुभ्र. मला वाटलं, आता ही मला जवळ घेणार.

"हे तू केलंस?"

"हो. बघ ना, नव्यासारख्या झाल्या. बाबा किती खूश होतील."

आई खाली बसली. काठी बाजूला ठेवली. "त्या खिडकीला मी पडदा का नाय लावला, कधी इचारलंस?" ती रागावली की सायखेड्याच्या माहेरची बोली बाहेर यायची. "समद्या बायका म्हणत होत्या, ऊन येतं, पडदा लाव. म्हटलं, येऊ दे ऊन. पडू दे पिवळ्या. किती वर्सं झाली ते मला तोंडानं नाय सांगता येत त्यांना. ते टेपात बोलतात, मी कशात बोलू? म्हटलं, या बारीला शोकेस उघडतील आणि बघतील. एका ओळीत दिसतंय समदं, पहिलीपासून आतापर्यंत. आणि तू ते धुऊन टाकलंस."

मला असा राग आला की काय सांगू. हात सोलले होते, नाकाची आग झाली होती, आणि हे ऐकायचं? "मग आधी सांगायचं ना," मी ओरडले.

"समदं सांगावंच लागतं का गं?" आई म्हणाली.

मी रडले, तीही रडली, पण वेगवेगळ्या कोपऱ्यांत. आजही कधी कधी वाटतं, माझंच बरोबर होतं. माणसानं तोंडानं सांगावं. पण ती पिढी निराळी, आणि ती बाई तर त्याहून निराळी. जरा वेळानं तिनं नाक पुसलं आणि विचारलं, "पहिली कुठंय?" मी पलंगाखालून ती काढून दिली. पिवळीजर्द गाडी आणि हिरवे बंपर बघून आई कितीतरी दिवसांनी हसली. "हिला काय, काविळीवर शेवाळ चढलं का?" तिनं ती स्वयंपाकघरात नेली आणि मिसळणाच्या डब्याशेजारी ठेवली. शोकेसमध्ये बाकीच्या चार गाड्या मी पुन्हा मांडल्या, चारही सारख्याच पांढऱ्या.

बाबा आले ते दुपारी. आणखी कुणाकुणाबरोबर मुंबईहून टॅक्सी करून आले होते. आईनं ओवाळलं, बॅगेतून नवी गाडी निघाली, तिलाही ओवाळलं, कुंकवाचं बोट टेकवलं. घरभर काळ्या मसाल्याचा वास सुटला होता, मटकीची उसळ तयार होती आणि आई बाजरीच्या भाकरी थापत होती. बाबांनी हातपाय धुतले आणि सवयीनं शोकेस उघडलं. मी मागेच उभी होते. त्यांनी एकेक गाडी हातात घेतली, उलटीसुलटी केली आणि मोठ्यानं म्हणाले, "मंदा, काय जपल्यास गं. काल घेतल्यासारख्या. वाटतच नाही इतकी वर्षं झाली." आत भाकरी थापायचा आवाज बंद झाला. मला वाटलं, संपलं, आता हे जाणार. मीच यांना जायला मोकळं केलं, असं काहीतरी डोक्यात आलं. तेवढ्यात आई पिठाच्या हातानं बाहेर आली. पिवळ्या गाडीवर तिची पिठाची बोटं उमटली होती.

"ही राहिली," ती म्हणाली.

बाबांनी गाडी घेतली. अंगठ्यानं घासून पाहिली, बॉनेट उघडलं, मिटलं. मेकॅनिक माणूस, त्यांना आधी बिघाडच दिसायचा. "हिला काय झालं? ऊन लागलं का? कुठं ठेवली होती?"

"घरातच होती. कुठं गेली नव्हती."

"नुसतं घरात बसून एवढं होतं?"

"होतं," आई म्हणाली. "जेवून घ्या. उसळ गार होतीय."

त्या सुट्टीभर मी बाबांच्या तोंडाकडे बघत होते. चहा पिताना ती पिवळी गाडी त्यांच्या हातात असायची, नाहीतर खिडकीच्या कट्ट्यावर. एकदा त्यांनी मला विचारलं, बाकीच्या पांढऱ्या कशा राहिल्या, आणि मी सगळं सांगितलं, नीळसुद्धा. ते हसले आणि म्हणाले, डोकं माझ्यावर गेलंय. पण राहणार की जाणार, ते काही बोलले नाहीत. मी विचारायला तोंड उघडलं की आई डोळे वटारायची. मग एके दिवशी त्यांनी माळ्यावरून बॅग खाली काढली. मालकाचं एक काम अर्धवट आहे, म्हणाले, शब्द दिलाय. पुढचं? "बघू." रिक्षा वळून दिसेनाशी झाली तरी आई गच्चीवरून खाली आली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी केर काढताना तिच्या लक्षात आलं की पिवळी गाडी घरात नाही. आम्ही पलंगाखाली पाहिलं, माळ्यावर पाहिलं, डबे हलवून पाहिलं. "येवढी एक माझी होती," आई म्हणाली, "ती बी नेली." त्याच दुपारी तिनं जुन्या साडीचा पडदा शिवला आणि पश्चिमेच्या खिडकीला लावून टाकला. घरात अंधार झाला. त्या अंधारात आम्ही दोघी महिनोन्‌महिने राहिलो. मी कॉलेजात जायला लागले, घरी यायला मुद्दाम उशीर करायला लागले. कॅसेट एकही आली नाही.

थंडी पडायला लागली होती. एके दिवशी संध्याकाळच्या आत जिन्यात काहीतरी जड ओढल्याचा आवाज आला, पायरीगणिक धप्प धप्प. आईनं दार उघडलं तर बाबा. त्यांची सुट्टीची वेळ नव्हती, दोन वर्षं कुठं झाली होती? आईनं ओवाळलं नाही, पाणी विचारलं नाही. खाली बसली आणि त्यांची बॅग उघडून चाचपायलाच लागली. ती काय शोधत होती ते मला कळलं. नवी गाडी निघाली की समजायचं, हे परत जाणार. कपडे निघाले, साबण निघाले, आणि तळाशी पाने. त्यांचे स्वतःचे सगळे पाने, हातोडी, स्क्रू-ड्रायव्हर, वर्कशॉपमधली अख्खी पेटीच बॅगेत रिकामी केलेली. म्हणूनच बॅग धपधपत होती. आणि टॉवेलात गुंडाळलेली ती पिवळी गाडी, हिरव्या बंपरांसकट.

"नवी नाय आणली?" आईनं विचारलं.

"नाही."

"आणि ही नेली होती ती कशाला?"

बाबा दाराच्या चौकटीला टेकून उभे होते. थकलेले दिसत होते. म्हणाले, "नेली होती. पण हिला तिकडं करमेना."

आई उठली. आत गेली आणि ओवाळायचं ताट घेऊन आली. गडबडीत निरांजन विझलं, ते मी पुन्हा लावलं. तिनं बाबांना ओवाळलं, मग गाडीला, आणि तिच्या पिवळ्या बॉनेटवर कुंकवाचं बोट टेकवलं. ते कुंकू अजून तिथं आहे. चांदवडचा डॉक्टर म्हणतो, काकू, ही एवढी का नाही करत? मी म्हणते, तू आपलं दातांचं बघ.

मग आईनं ती गाडी शोकेसमध्ये पहिल्या जागी ठेवली, काच लावली आणि मला म्हणाली, "शैले, तो पडदा काढ गं. घरात काय दिसंना." मी स्टुलावर चढून पडदा ओढून काढला. मावळतीचं ऊन सरळ गाड्यांवर आलं. पुन्हा सगळ्या पिवळ्या पडणार, हे मला चांगलं ठाऊक होतं. म्हटलं, पडू देत.